पाणी आधी कुठून शिरलं?

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये पिकरिंग नावाचं एक जुनं बाजारगाव आहे. वस्ती सुमारे 7 हजार. गावाच्या उत्तरेला हेदरच्या झुडपांनी झाकलेली उघडी पठारं आहेत आणि तिथून निघालेला पिकरिंग बेक नावाचा ओढा अरुंद दरीतून थेट गावात उतरतो. 1999, 2000, 2002 आणि 2007 असा चार वेळा तो लोकांच्या घरांत शिरला. 2007च्या पुरात 80हून अधिक घरांत आणि दुकानांत पाणी गेलं, नुकसान सुमारे 70 लाख पौंडांचं झालं.

सरकारी अभियंत्यांकडे यावर एक उत्तर तयार होतं: गावातून जाणाऱ्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी पूरभिंत. खर्च सुमारे 2 कोटी पौंड. तिकडे पूरनियंत्रणाच्या कामाला पैसे मिळतात ते हिशेब करून. एक पौंड खर्चला तर किती पौंडांचं नुकसान वाचेल, या कसोटीवर देशभरातली कामं रांगेत लागतात. रांगेत पिकरिंगच्या पुढे मोठी शहरं होती, त्यामुळे भिंत कागदावरच राहिली. खरं तर गावालाही ती फारशी नको होती. जुन्या दगडी गावाच्या मधोमध उंच भिंत कोणाला आवडेल? पण भिंत नाही तर मग काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

त्याच वर्षी, 2007च्या सप्टेंबरात, तिथे काही संशोधक आले. ऑक्सफर्डच्या भूगोलतज्ज्ञ सारा व्हॉटमोर आणि तेव्हा डरहॅम विद्यापीठात असलेले जलशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेन हे त्यांतले प्रमुख. पूर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होताच. पण त्यांना आणखी एक गोष्ट तपासायची होती. पुराचं शास्त्र तज्ज्ञ आणि पूरग्रस्त यांनी एका टेबलाशी बसून मिळून केलं, तर त्यातून वेगळं काही निघतं का? त्यासाठी त्यांनी ‘रायडेल फ्लड रिसर्च ग्रुप’ नावाचा एक छोटा गट जमवला. त्यात शास्त्रज्ञ आणि गावकरी मिळून जेमतेम डझनभर माणसं. गावकऱ्यांनी कुठल्या संस्थेचे किंवा पक्षाचे प्रतिनिधी म्हणून यायचं नाही, पूर पाहिलेली माणसं म्हणून यायचं, हा पहिला दंडक. साधारण दोन महिन्यांतून एकदा बैठक. येताना पुराशी संबंधित काहीतरी हातात घेऊन यायचं: फोटो, व्हिडिओ, जुना नकाशा, वर्तमानपत्राचं कात्रण.

हे वाचायला भाबडं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्या वस्तूंमुळे बैठकांचा नूर बदलला. फोटोत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे, किती वाजताचा फोटो आहे, पाणी पुलावरून आलं की पुलाच्या बाजूनं, यावर शास्त्रज्ञ आणि गावकरी बरोबरीनं वाद घालू लागले. संगणकावरच्या प्रारूपात पूल म्हणजे ठरावीक रुंदीचं एक भोक असतं. गावकऱ्याला ठाऊक असतं की त्या भोकात दर पुराला फांद्या अडकतात आणि मग पाणी शेजारच्या गल्लीत वळतं. हा तपशील कुठल्याही मोजणी पुस्तकात नसतो.

पुढे एक वळण आलं. शास्त्रज्ञांचा कल जमिनीच्या वापराचा पुरावर काय परिणाम होतो हे तपासण्याकडे होता, आणि त्यासाठीची प्रारूपंही त्यांच्याकडे होती. गावकरी म्हणाले, अभ्यास खूप झाले. गावाच्या वर, दरीतच पाणी थोडा वेळ थोपवून धरता येईल का, तेवढं सांगा. हातातली प्रारूपं या प्रश्नासाठी बनलेली नव्हती. तेव्हा लेन यांनी एक साधं, नवं प्रारूप लिहिलं. दरीत ठिकठिकाणी बुटके मातीचे बांध कल्पायचे, पुराच्या वेळी त्यांच्यामागे पाणी साचू द्यायचं आणि गावात पोहोचणारा लोंढा किती उतरतो ते पाहायचं. कुठला बांध कुठे घालायचा याची चाचणी सगळ्यांनी मिळून केली. ओढ्याच्या कुठल्या भागात शेत आहे, कुठे नुसतं कुरण, कुठून आगगाडीचा रूळ जातो हे सांगायला माणसं समोरच बसलेली होती. (त्या दरीतून आजही वाफेच्या इंजिनाची हौशी रेल्वे धावते, बांध घालताना तिला वाट राखणं भागच होतं.)

2008मध्ये गटानं हे सगळं गावात प्रदर्शन मांडून दाखवलं. त्याच सुमारास, 2007च्या देशव्यापी पुराची चौकशी करणाऱ्या पिट अहवालानं निसर्गाच्या कलानं पूर कमी करण्याचे प्रयोग करा अशी शिफारस केली होती. सरकारला प्रयोगासाठी गाव हवं होतं आणि पिकरिंगकडे प्रस्ताव तयार होता. 2009मध्ये वन संशोधन संस्थेच्या पुढाकारानं ‘स्लोइंग द फ्लो’, म्हणजे प्रवाह मंदावण्याचा प्रकल्प सुरू झाला.

आपल्याकडच्या पाणलोट विकासाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात, तसंच हे काम झालं, फक्त हेतू उलटा. आपण पाणी अडवतो ते जिरवण्यासाठी. इथे ते उशिरा पोहोचावं म्हणून अडवायचं होतं. पठारावरच्या चरांमध्ये हेदरच्या पेंढ्यांचे 187 बांध घातले. पिकरिंग बेक आणि शेजारची सेव्हन नदी यांच्या खोऱ्यांत मिळून ओढ्यांवर आडव्या ओंडक्यांचे 167 गळके बांध रचले. रोजचं पाणी त्यांच्याखालून निघून जातं, पुराचं पाणी मात्र तुंबतं आणि काठावर पसरतं. काठांवर झाडं लावली. आणि गावाच्या वर दरीत 1 लाख 20 हजार घनमीटर पाणी तात्पुरतं धरणारा मातीचा बांध बांधला. आधी दोन छोटे बांध ठरले होते. पण जमीन तपासल्यावर आणि जलाशयांच्या सुरक्षेचा कायदा लागू झाल्यावर खर्च वाढला, आराखडा बदलला, काम रखडलं. बांध पुरा व्हायला 2015 उजाडलं. गावाला पूर येण्याची शक्यता कुठल्याही एका वर्षात 25 टक्के होती, ती 4 टक्क्यांवर आल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं.

त्याच डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, उत्तर इंग्लंडमध्ये मोठा पूर आला. यॉर्क, लीड्स पाण्यात गेली, पिकरिंग कोरडं राहिलं. वर्तमानपत्रांना गोष्ट मिळाली. नंतरच्या तांत्रिक तपासणीत आकडा जरा शांत निघाला: या कामांमुळे पुराचा कमाल प्रवाह 15 ते 20 टक्क्यांनी उतरला आणि काही थोड्या घरांत व गावातल्या संग्रहालयात शिरलं असतं ते पाणी टळलं. त्या दिवशी पिकरिंगवर पडलेला पाऊसही यॉर्कशायरच्या पश्चिम भागाइतका प्रचंड नव्हता. पुराची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर हे बांध भरून वाहणार, हेही उघड आहे. मला ही कबुली महत्त्वाची वाटते. लोकांना विचारून केलेलं काम जादू करत नाही. पण ज्या गावात 2 कोटी पौंडांची भिंत कधीच होणार नव्हती, तिथे काहीतरी झालं आणि ते काय करू शकतं, काय नाही, हे गावाला आधीपासून ठाऊक होतं.

आता नेदरलँड्सकडे जाऊ. तिथे 1995मध्ये ऱ्हाईन आणि मास या नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. तटबंध आणखी किती उंच करायचे, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला आणि सरकारनं दिशाच बदलली. नदीला जागा द्यायची, तट मागे सरकवायचे, काही जमीन पुरासाठी मोकळी ठेवायची. ‘रूम फॉर द रिव्हर’ या नावानं तो सुमारे 230 कोटी युरोंचा कार्यक्रम झाला.

त्यात बर्गसे मास नदीकाठचा ओव्हरडीप हा तटबंदीतला शेतीचा तुकडा होता. सुमारे 550 हेक्टर जमीन, सुमारे 17 शेतकरी कुटुंबं, मुख्य धंदा दुधाचा. 2000 साली त्यांच्या कानावर आलं की ही जमीन पुराच्या पाण्यासाठी निवडली जाणार. अशा वेळी आपल्याकडे किंवा कुठेही जे होतं तेच व्हायचं: निषेध, वकील, मोर्चा. ओव्हरडीपच्या शेतकऱ्यांनी मात्र सरकारचा निर्णय कागदावर पक्का होण्याआधीच स्वतःची योजना मांडली. नदीकडचा तट खाली करा, मोठा पूर आला तर पाणी आत येऊ दे, हे मान्य. पण आमची घरं आणि गोठे मागच्या बाजूला नवा तट बांधून त्याला लागून उंचवट्यांवर हलवा, म्हणजे शेती इथेच करता येईल. अशा उंचवट्यांवर राहणं त्या प्रदेशाला नवीन नाही. तट बांधायला शिकण्याआधी तिथली माणसं शेकडो वर्षं तशीच राहत होती.

प्रांतिक सरकारनं ही कल्पना उचलून धरली. 2015पर्यंत सुमारे 6 मीटर उंचीचे 8 उंचवटे तयार झाले आणि त्यांवर घरं-गोठे उभे राहिले. मोठ्या पुरात नदीची पातळी तिथे 27 सेंटिमीटरनं उतरेल असा हिशेब आहे. आता सरासरी 25 वर्षांतून एकदा आपल्या शेतात नदी येणार, हे तिथल्या शेतकऱ्यांनी समजून-उमजून पत्करलं आहे. पण उंचवटे 8 आणि कुटुंबं 17, हे गणित विसरून चालणार नाही. निम्म्याहून अधिक घरांनी भरपाई घेऊन ती जागा सोडली. योजना लोकांनीच सुचवली म्हणून कोणाला काही सोसावं लागलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आणि 17 कुटुंबांनी एकमत करणं वेगळं, 17 हजारांनी करणं वेगळं.

त्याच कार्यक्रमातलं दुसरं टोक म्हणजे नायमेखेन शहरासमोरचं लेंट. तिथे वाल नदी एकदम चिंचोळी होते. तट 350 मीटर मागे नेऊन बाजूनं नवा कालवा खोदायचं ठरलं आणि त्यात 50 घरं जाणार होती. गावकऱ्यांनी पर्यायी योजना मांडली, ती नाकारली गेली. तट सरकणार की नाही हा प्रश्न चर्चेला नव्हताच. नंतर लोकांना विचारलं ते पूल कसे असावेत, नव्या बेटावर बाग असावी का, हे. आज ती जागा देखणी आहे, पारितोषिकं मिळवून बसली आहे. पण ज्यांची घरं गेली त्यांना विचारणं आणि ज्यांना बाग मिळाली त्यांना विचारणं, या दोन गोष्टी सरकारी अहवालात ‘लोकसहभाग’ या एकाच मथळ्याखाली येतात.

डच कार्यक्रमातली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट या दोन्ही कथांच्या मागे आहे. सुरुवातीला शेकडो संभाव्य कामं – इथे तट सरकवा, तिथे पात्र खोल करा, अमुक अडथळा काढा – एका संगणकीय साधनात भरली होती. ठोकळ्यांची पेटी असं त्याचं नाव. स्थानिक नगरपालिका किंवा पाणी मंडळ त्यातलं एकेक काम निवडून पाहायचं आणि पडद्यावर लगेच उत्तर यायचं: या कामानं नदीची पातळी अमुक ठिकाणी इतके सेंटिमीटर उतरते. उद्दिष्टही सेंटिमीटरमध्येच दिलेलं. तेवढं साधा, कसं साधता ते तुमच्यावर. त्यामुळे ‘गाळ काढा’ म्हणणारा आणि ‘तट हलवा’ म्हणणारा, दोघांनाही एकाच मापानं बोलावं लागलं.

असं माप आपल्याकडे आहे, आणि ते अधिकाऱ्यांपेक्षा लोकांच्या तोंडी जास्त आहे. पावसाळ्यात सांगलीत ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हा प्रश्न पानटपरीपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे विचारला जातो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि अमुक फुटाला कुठल्या भागात पाणी येतं हे त्या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. कोल्हापुरात तेच काम राजाराम बंधारा करतो: 39 फुटांना इशारा, 43ला धोका. मग कृष्णा-पंचगंगेवर पूरनियंत्रणाची जी कामं सुचवली जातात – पात्र रुंद करणं, पुलांचे भराव काढून कमानी करणं, जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवणं – ती लोकांसमोर कोटींच्या भाषेत का येतात? या कामानं सांगली-कोल्हापूर बुडवणाऱ्या 2019च्या पुराला आयर्विनची पातळी किती फूट कमी झाली असती, एवढं एक वाक्य प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असलं, तर सुनावणीतली निम्मी भाषणबाजी गळून पडेल.

आपल्या कायद्यांत लोकांना विचारायची सोय नाही असं नाही. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची जनसुनावणी लागते, ग्रामसभा आहे. अडचण वेळेची आहे. हरकत मागवली जाते तेव्हा आराखडा छापून तयार असतो आणि हरकत घेणाऱ्याला आपोआप विरोधकाची भूमिका मिळते. त्याच्याकडची माहिती कोणी मागितलेली नसते. मागितलेली असते संमती, किंवा नकार.

चिपळूणचं उदाहरण पाहा. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी तिथली बाजारपेठ बुडवली. चिपळूणचा पूर साधा नाही. घाटमाथ्याचा पाऊस, खाडीतून गोवळकोटपर्यंत येणारी भरती, वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येणारं कोयनेचं अवजल, पात्रात वाढलेली गाळाची बेटं, असे अनेक धागे त्यात गुंतले आहेत. कुठला धागा कधी ताणला जातो याचं बारीक ज्ञान तिथल्या व्यापाऱ्यांकडे आणि नदीकाठच्या वाड्यांकडे आहे. मात्र लोकांपुढे आधी आली ती पूररेषा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींसह परवानगी. शहराचा मोठा भाग त्या रेषांत सापडला. डिसेंबर 2021मध्ये चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण सुरू केलं. मागणी अशी की नद्यांतला गाळ काढा आणि या रेषा थांबवा. त्यानंतर गाळ उपसण्याच्या कामानं वेग घेतला.

उपोषणाला यश आलं हे चांगलंच. पण शहराला आपली बाजू ऐकवण्यासाठी उपाशी बसावं लागणं, ही काही विचारण्याची पद्धत नव्हे. आणि त्या रस्त्यानं मिळालेल्या उत्तरात एक खोट राहते. गाळ काढल्यानं बाजारपेठेतली पातळी नेमकी किती उतरेल, भरतीच्या वेळी किती आणि ओहोटीला किती, दर किती वर्षांनी पुन्हा उपसावं लागेल, या प्रश्नांचा मांडवात बसून निकाल लागत नाही. तिथे रेषा विरुद्ध गाळ असा सामना होतो. पिकरिंगच्या गटात तो प्रारूपावर उत्तरं तपासून पाहण्याचा विषय झाला असता.

लोक नेहमी बरोबर असतात, असा माझा दावा नाही. माणसाची आठवण शेवटच्या मोठ्या पुरापाशी अडकते आणि एखाद्या दोषीचा शोध घेते. 2019नंतर सांगली-कोल्हापुरात कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2020च्या अहवालात त्या पुराला अलमट्टी कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. अनेक नागरिक संघटनांना तो अजिबात पटला नाही आणि वाद आजही चालू आहे. कोण बरोबर, हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्या गणितावरून समिती त्या निष्कर्षाला आली, ते गणित सांगलीच्या एखाद्या सभागृहात पडद्यावर चालवून, शंका घेणाऱ्यालाच ‘तुम्ही धरणाची पातळी बदला आणि आयर्विनचा आकडा बघा’ असं म्हटलं गेलं असतं तर? अविश्वास कदाचित पूर्ण गेला नसता. पण वाद अधिक नेमका झाला असता.

दुसरी उणीव याहून मोठी. बैठकीला येतो तो घरमालक, दुकानदार, निवृत्त अभियंता. नाल्याच्या काठावरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणारी बाई येत नाही. तिला सुट्टी नसते, आणि आपली वस्ती ‘अतिक्रमण’ म्हणून नकाशावर येईल ही भीती असते. पाणी पहिल्यांदा तिच्याच घरात शिरतं, त्यामुळे वेळेची सर्वांत अचूक माहिती तिच्याकडे असते. सभागृहात बोलावून ती मिळत नाही. कोणीतरी संध्याकाळी तिच्या दारात जावं लागतं, आणि जाणाऱ्याच्या हातात नोटीस नसावी लागते.

नेमका प्रश्न न विचारल्यानं काय होतं, हे कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडी या गावांत दिसतं. 1989च्या पुरानंतर तिथल्या लोकांना उंचावर, सोनतळीला भूखंड मिळाले. तरी बरेच जण मूळ गावातच राहिले आणि मोठा पूर आला की जनावरांसह बाहेर पडण्याची वेळ पुन्हा येते. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण ऊस आणि वैरण नदीकाठी, धारा पहाटे काढायच्या, डेअरीची वेळ ठरलेली. मग गोठा शेतापासून लांब कसा न्यायचा? ओव्हरडीपच्या शेतकऱ्यांनी गोठे उंचवट्यावर नेले ते याच अडचणीवर उपाय म्हणून. तिथे पहिला प्रश्न होता, गाई कुठे बांधायच्या. आपल्याकडे पहिला प्रश्न होता, भूखंड किती गुंठ्यांचा.

असं विचारणं अमलात आणायला फार खर्च येत नाही. सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच अभियंत्यानं गल्लीगल्लीत फिरून भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजून घ्यायच्या. पाणी आधी कुठून शिरलं, गटारातून उलटं आलं की रस्त्यावरून, किती वाजता, आणि ओसरताना कुठे अडलं, हे लिहून घ्यायचं. कशावर चर्चा होऊ शकते आणि कशावर नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. लेंटसारखी बाग दाखवून घराचा विषय टाळायचा नाही. आणि जी सूचना नाकारली तिचं कारण, आकड्यासकट, सूचना देणाऱ्याला लेखी कळवायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. कारण लिहायला बसलं की कधीकधी लक्षात येतं, नाकारायला कारणच नव्हतं.

कृष्णा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्यानं राज्याचा मोठा कार्यक्रम आखला गेला आहे. त्यात नदीपात्रातली कामं आहेत आणि पुराचं पाणी वळवण्याची कल्पनाही आहे. असं विचारायची संधी त्यातही आहे. तिकडे पिकरिंगमध्ये ओंडक्यांचे बांध आता जुने होत चालले आहेत. लाकूड कुजतं, एखादा ओंडका पुरात सुटून पुलाला जाऊन अडकू शकतो, म्हणून त्यांची वेळोवेळी पाहणी आणि डागडुजी करावी लागते. कुठला बांध सैल झालाय हे आधी कळतं ते ओढ्याकाठानं कुत्रं फिरवणाऱ्या गावकऱ्याला.